इतिवृत्तात नाही ते

ठराव क्रमांक सतरा. हजर सात, गैरहजर कोणी नाही.
विषय : ४१८, लॉकरिज स्ट्रीट, घर पाडण्याची परवानगी.
एवढं मी लिहिलं.
बावीस वर्षं लिहितेय. या गावात काय उभं राहिलं
आणि काय आडवं झालं,
दोन्ही माझ्याच अक्षरात.

विद्यापीठ वाढतंय. दर ऑगस्टला
गाड्यांच्या टपावर गाद्या बांधून मुलं येतात.
गाव पोटात घेतं, आणखी घेतं,
मग कुठेतरी एक शिवण उसवते.

वकिलांनी चित्रं दाखवली :
सहा मजले, दोनशे बारा खाटा, तळाला कॉफी,
गच्चीवर झाडं.
कागदावरच्या झाडांची पानं कधी गळत नाहीत.
सल्लागार बाईंचा अहवाल चौदा पानी,
सार एका ओळीत : घराची अस्सलता उरलेली नाही.
मूळच्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या,
व्हरांडा बंदिस्त केला,
मागे पत्र्याची एक खोली काढली.
वास्तुशिल्पी अज्ञात.
महत्त्व : नाही.

मग रॉस्को मॅबरी उठले. वय अठ्ठ्याऐंशी.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
दिवा हिरवा झाला
आणि त्यातलं अर्धं मिनिट चष्मा शोधण्यात गेलं.
तो डोळ्यांवरच होता.

"त्या खिडक्या," ते म्हणाले, "मी बसवल्यात.
चोपन्नचा हिवाळा.
वसतिगृहाने कळवलं होतं, जागा नाही.
जागा होती. काळ्या मुलांना नव्हती.
ऑर्डेला टिब्ज बाईंनी दार उघडलं
आणि विचारलं, जेवलास का?
दुसरं काही विचारलंच नाही.
आम्ही नऊजण, खोल्या तीन. झोपायच्या पाळ्या.
चौकटी कुजलेल्या, फटींतून बर्फ आत यायचं,
सकाळी माझ्या रसायनशास्त्राच्या वहीवर
मीठ सांडल्यासारखी रेघ.
बाई डीनच्या घरचे कपडे धुवायच्या, इस्त्री करायच्या.
त्या पैशांतून दर महिन्याला एक खिडकी.
अकरा खिडक्या. जवळजवळ वर्ष गेलं.
व्हरांडा बंद केला, कारण दहावा मुलगा आला.
पत्र्याची खोली बाराव्याची."

दिवा पिवळा.

"तुम्ही म्हणता, बदल केले म्हणून इतिहास गेला.
अहो, बदल केले, हाच तर"

लाल.
अध्यक्ष हॉलक्विस्ट सभ्य गृहस्थ. म्हणाले, आभारी आहोत.
नियम सगळ्यांना सारखा.

पुढचं नाव सेलाम वोल्डे. दुसऱ्या वर्षाला.
नोव्हेंबरपासून गाडीत झोपते,
ग्रंथालयाच्या मागे, जिथे रात्रभर दिवा असतो.
"आजोबांचं सगळं पटलं," ती म्हणाली,
"पण मला खाट हवीय."
तिची दोन मिनिटं शिल्लक राहिली.
ती कुणाला देता येत नाहीत, तसा नियम आहे.

बसायला एकच खुर्ची मोकळी होती, मॅबरींच्या शेजारची.
त्यांनी टोपी उचलून मांडीवर घेतली,
तिच्याकडे वाकून काहीतरी विचारलं.
इथवर ऐकू आलं नाही.
दोनच शब्द असावेत.
ती मान हलवून नाही म्हणाली.

मतदान : पाच विरुद्ध दोन. मंजूर.
अट : नव्या इमारतीवर एक पाटी लावावी,
मजकूर यथावकाश.

मी लिहिलं : श्री. मॅबरी यांनी खिडक्यांविषयी निवेदन केले.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

घरी जाताना लॉकरिजवरून वळसा घेतला.
मोजल्या. दहाच भरल्या.
अकरावी मागच्या बाजूला असणार,
तिकडे जाता येईना, तारेचं कुंपण होतं,
आणि कुंपणाला भाड्याची पावती अडकवलेली.
वाकून वाचली, सवय आहे.
तारीख मंगळवारची.
सभा गुरुवारी झाली.